विश्लेषण : आमदारकीपेक्षा ‘जिल्ह्या’ची खुर्ची मोठी कशी? ग्लोरिया मोलिना यांची कारकीर्द आणि लॉस एंजेलिसच्या एका नकाशाची गोष्ट

जानेवारी १९९१. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीत एका जागेसाठी निवडणूक लागली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण उमेदवारांची यादी पाहिली तर प्रश्न पडावा. कॅलिफोर्निया राज्याच्या सिनेटचे दोन विद्यमान सदस्य, आर्ट टॉरेस आणि चार्ल्स काल्डेरॉन, या ‘जिल्हा पातळी’च्या जागेसाठी उभे होते. त्यांच्यासमोर होत्या ग्लोरिया मोलिना. त्या राज्याच्या विधानसभेत आमदार राहिलेल्या होत्या आणि तेव्हा लॉस एंजेलिस शहराच्या नगर परिषदेच्या सदस्य होत्या.

राजकारणात माणूस खालून वर जातो, असं आपण गृहीत धरतो. आधी स्थानिक संस्था, मग आमदारकी, मग खासदारकी. मग राज्याचे कायदे करणारे लोक काउंटीतल्या एका खुर्चीसाठी एकमेकांविरुद्ध का उभे राहिले?

त्याचं उत्तर मोलिना यांच्या कारकिर्दीत सापडतं. १९ फेब्रुवारी १९९१ ला त्यांनी अंतिम फेरीत टॉरेस यांना सुमारे ५५ विरुद्ध ४५ टक्के अशा फरकाने हरवलं. त्यानंतर २३ वर्षं त्या या खुर्चीवर होत्या. पण ही खुर्ची त्यांच्यासारख्या कुणाला मिळावी यासाठी आधी कोर्टाला मतदारसंघांचा नकाशा फाडून नवा काढायला लावावा लागला होता. त्याची ही गोष्ट.

काउंटी म्हणजे नेमकं काय?

कॅलिफोर्नियात ५८ काउंटी आहेत. त्यातली सर्वात मोठी लॉस एंजेलिस. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांपेक्षा जास्त. या काउंटीत ८८ शहरं आहेत आणि आपण ज्याला ‘लॉस एंजेलिस’ म्हणतो ते त्यातलं फक्त एक. हॉलिवूडचा बोर्ड असलेलं शहर वेगळं आणि काउंटी वेगळी.

शहरांचे महापौर आणि नगर परिषदा रस्ते, पोलीस, कचरा बघतात. मग काउंटीकडे काय उरतं? गरिबांसाठीची सरकारी रुग्णालयं, सार्वजनिक आरोग्य, तुरुंग, अनाथ आणि छळ झालेल्या मुलांची देखभाल, गरजूंना मिळणारी सरकारी मदत, निवडणुका घेणं, मालमत्तेची नोंद. शिवाय जो भाग कोणत्याच शहरात मोडत नाही, तिथला सगळा कारभार. मोलिना यांचा बालेकिल्ला असलेलं ईस्ट लॉस एंजेलिस हा असाच भाग. तिथे महापौर नाही की नगर परिषद नाही. जे काही आहे ते काउंटी.

हा सगळा डोलारा चालवते ‘बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्स’ नावाची पाच जणांची समिती. सुपरव्हायझर हे नाव ऐकून कारखान्यातला मुकादम डोळ्यांसमोर येईल, पण हे पाच जण थेट लोकांमधून निवडून येतात. नियम तेच करतात, पैसा तेच वाटतात आणि विभागांवर देखरेखही तेच करतात. म्हणजे विधिमंडळही तेच आणि मंत्रिमंडळही तेच. आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमतं आणि जिल्हा परिषद लोक निवडतात. इथे दोन्हींची बरीच कामं त्याच पाच जणांच्या हातात एकवटलेली आहेत. एक लाखाहून जास्त कर्मचारी आणि आजच्या घडीला ४५ अब्ज डॉलरहून अधिक वार्षिक बजेट त्यांच्या हाताखाली आहे.

आता मतदारसंघांचा आकडा बघा. १९९० च्या जनगणनेनुसार लॉस एंजेलिस काउंटीत ८८ लाख ६३ हजार लोक होते. पाच सुपरव्हायझर, म्हणजे एकामागे साधारण १७ लाख ७० हजार लोक. त्याच वेळी कॅलिफोर्नियाच्या विधानसभेतल्या एका आमदारामागे साधारण पावणेचार लाख आणि राज्य सिनेटच्या एका सदस्यामागे साधारण साडेसात लाख लोक होते.

विधानसभेत ८० सदस्य आणि सिनेटमध्ये ४०. तिथे एखादं विधेयक पुढे न्यायचं तर दोन्ही सभागृहांत बहुमत हवं आणि वर गव्हर्नरची सही हवी. काउंटीत एखाद्या निर्णयासाठी साधारणपणे तीन मतं लागतात. आपलं एक, अजून दोन. झालं काम.

सिनेटर काउंटीच्या मागे का लागले होते, हे एवढ्यावरूनच कळतं.

मोलिना राजकारणात आल्या कुठून?

मोलिना यांचा जन्म १९४८ चा. वडील मजूर, आई मेक्सिकोतून आलेली. दहा भावंडांत ग्लोरिया सर्वात मोठ्या. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या पिको रिव्हेरा भागात त्या वाढल्या आणि वकिलांच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून नोकरी केली. १९७० च्या दशकात मेक्सिकन वंशाच्या तरुणांची ‘चिकानो’ चळवळ जोरात होती. मोलिना त्यात ओढल्या गेल्या. पण चळवळीतही नेतृत्व पुरुषांचं आणि चहापाणी बायकांनी बघायचं, असाच मामला होता. त्यामुळे ‘कोमिसिऑन फेमेनिल’ या मेक्सिकन-अमेरिकन महिलांच्या संघटनेत त्या सक्रिय झाल्या आणि तिच्या लॉस एंजेलिस शाखेच्या अध्यक्ष बनल्या.

याच काळात एक हादरवणारं प्रकरण उघडकीला आलं. काउंटीच्या सर्वात मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या अनेक स्पॅनिश बोलणाऱ्या महिलांची नसबंदी करण्यात आली होती. कळा सुरू असताना, औषधाच्या गुंगीत असताना, वाचता न येणाऱ्या इंग्रजी फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या होत्या. काहींना आपलं ऑपरेशन झालंय हे नंतर कळलं. रुग्णालयातल्याच एका तरुण डॉक्टरने ही माहिती बाहेर काढली.

दहा महिला कोर्टात गेल्या. ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने तो खटला ओळखला जातो. मोलिना यांची संघटना या महिलांच्या बाजूने त्यात उतरली. १९७८ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. हा संवादातला गोंधळ होता, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. महिला हरल्या, पण खटल्याने गाजावाजा झाला होता. स्पॅनिशमधले संमतीपत्र आणि ऑपरेशनआधी विचार करायला वेळ देण्याचे नियम आले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाने सक्तीच्या नसबंदीला परवानगी देणारा जुना कायदाही रद्द केला. ते विधेयक आणलं होतं आर्ट टॉरेस यांनी. तेच टॉरेस, ज्यांना मोलिना यांनी पुढे १९९१ मध्ये हरवलं.

हे रुग्णालय लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

आमदारकी कशी मिळाली?

मधल्या काळात मोलिना यांनी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या प्रशासनात काम केलं. मग कॅलिफोर्नियात परत येऊन विधानसभेचे अध्यक्ष विली ब्राउन यांच्या कार्यालयात त्या रुजू झाल्या. १९८२ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिस परिसरातली विधानसभेची एक जागा रिकामी होत होती. मोलिना यांनी उभं राहायचं ठरवलं.

पक्षातल्या लॅटिनो पुरुष नेत्यांनी मात्र रिचर्ड पोलांको यांचं नाव आधीच पक्कं केलं होतं. लॅटिनो म्हणजे मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांमधून आलेल्या कुटुंबांतले लोक. ‘तुझी वेळ अजून आलेली नाही’ असाच मोलिना यांना मिळालेल्या सल्ल्यांचा सूर होता. बाई निवडून येणार नाही, निधी उभा करू शकणार नाही, हेही ऐकवण्यात आलं. महिला संघटनांच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत मोलिना यांनी पोलांको यांना हरवलं. कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत निवडून गेलेल्या त्या पहिल्या लॅटिना ठरल्या.

आमदार म्हणून त्यांची सर्वात गाजलेली लढाई तुरुंगाविरुद्धची. १९८५ मध्ये राज्य सरकारने ईस्ट लॉस एंजेलिसच्या वस्त्यांलगत तुरुंग बांधायचं ठरवलं. गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन त्यासाठी आग्रही होते. लोकांना विचारलं कुणी नव्हतं. मोलिना यांनी वस्तीतल्या महिलांपर्यंत ही बातमी पोहोचवली आणि त्यातून ‘मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस’ ही संघटना उभी राहिली. डोक्याला पांढरे रुमाल बांधून या आया दर आठवड्याला मोर्चे काढू लागल्या. अखेर १९९२ मध्ये तुरुंगाची योजना गुंडाळली गेली.

या लढ्यात आमदारकीची मर्यादाही दिसली. ८० पैकी एक मत हातात असताना आपल्या वस्तीवर लादलेला निर्णय थांबवणं किती अवघड असतं, हे मोलिना यांनी अनुभवलं होतं.

१९८७ मध्ये त्या लॉस एंजेलिस शहराच्या नगर परिषदेवर निवडून गेल्या. तिथेही त्या पहिल्या लॅटिना होत्या. ही जागासुद्धा सहज तयार झालेली नव्हती. शहराच्या मतदारसंघांच्या रचनेत लॅटिनो मतदारांवर अन्याय झालाय, असा खटला अमेरिकेच्या न्याय विभागाने भरला होता. त्यानंतर शहराला नवा नकाशा करावा लागला आणि त्यातून हा मतदारसंघ जन्माला आला.

काउंटीत हाच प्रकार आणखी मोठ्या प्रमाणात होणार होता.

नकाशाच्या खटल्यात काय घडलं?

१९८० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे २७.६ टक्के लोक लॅटिनो होते. १९९० पर्यंत हे प्रमाण जवळपास ३८ टक्क्यांवर गेलं. तरीही पाच जणांच्या बोर्डावर १८७५ नंतर एकही लॅटिनो बसला नव्हता. शंभराहून अधिक वर्षं.

त्यामागचं गणित सोपं होतं. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. काउंटीत त्या सीमा कोण आखायचं? तर स्वतः सुपरव्हायझर. म्हणजे पेपर काढणारा तोच आणि परीक्षा देणाराही तोच.

१९८१ ला सीमा ठरवताना लॅटिनो वस्त्यांचा सलग पट्टा वेगवेगळ्या मतदारसंघांत वाटला गेला. एकत्र असते तर एक जागा निवडून आणू शकले असते, असे मतदार तुकड्यातुकड्यांत विखुरले गेले. प्रत्येक मतदारसंघात थोडे थोडे, पण कुठेच निर्णायक नाहीत.

१९८८ मध्ये लॅटिनो नागरिक या नकाशाविरुद्ध कोर्टात गेले. ‘गार्सा विरुद्ध काउंटी ऑफ लॉस एंजेलिस’ हा तो खटला. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था त्यांच्या पाठीशी होत्या आणि अमेरिकेच्या न्याय विभागानेही काउंटीविरुद्ध दावा केला. आधार होता १९६५ चा मतदान हक्क कायदा.

जून १९९० मध्ये फेडरल न्यायाधीश डेव्हिड केन्यन यांनी निकाल दिला की काउंटीने लॅटिनो समाजाला जाणीवपूर्वक तुकड्यांत ठेवलं. सुपरव्हायझरना लॅटिनो लोकांचा द्वेष होता, असं कोर्टाने म्हटलं नाही. त्यांना मुख्यतः स्वतःच्या जागा वाचवायच्या होत्या. पण स्वतःची जागा वाचवण्यासाठी एका समाजाला मुद्दाम विखुरलं, तर तो भेदभावच होतो, असा या निकालाचा अर्थ.

अपील न्यायालयातल्या एका न्यायाधीशांनी हा मुद्दा घराच्या उदाहरणाने समजावला होता. समजा, एखाद्या गोऱ्या घरमालकाच्या मनात अल्पसंख्याकांबद्दल काहीही आकस नाही. पण ते शेजारी आले तर घरांच्या किमती पडतील, या भीतीने तो त्यांना घर न विकण्याच्या करारात सामील होतो. त्याचा हेतू पैसे वाचवण्याचा असला तरी त्याने भेदभाव केलाच. जागा वाचवणाऱ्या सुपरव्हायझरचंही तसंच.

अपील न्यायालयाने निकाल मुळात कायम ठेवला आणि जानेवारी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. १९९० ची जुन्या नकाशावर झालेली प्राथमिक फेरी बाद ठरली. नव्या नकाशात पहिला मतदारसंघ लॅटिनोबहुल झाला. या मतदारसंघाच्या निवडणुकीतले चारही प्रमुख उमेदवार लॅटिनो होते. मोलिना जिंकल्या आणि बोर्डावरच्या पहिल्या लॅटिना ठरल्या. त्यांच्या आधी यव्हॉन बर्क या महिला सुपरव्हायझर होत्या, पण त्यांची नेमणूक झाली होती. निवडणूक जिंकून बोर्डावर गेलेल्या मोलिना या पहिल्याच महिला.

एक खुर्ची बदलली, मग काय बदललं?

पाच जणांच्या बोर्डात एक माणूस बदलला की अख्खं बहुमत फिरू शकतं. तसंच झालं. सुपरव्हायझरची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, पण कोण कुठल्या विचाराचं हे सगळ्यांना माहीत असतं. मोलिना यांच्या आधी पहिल्या मतदारसंघात पीट शाबारम होते, कट्टर रिपब्लिकन. तेव्हा बोर्ड तीन विरुद्ध दोन असं पुराणमतवाद्यांच्या ताब्यात होतं. मोलिना आल्या आणि आकडा उलटला.

डिसेंबर १९९१ मध्ये या नव्या बोर्डाने शेरीफ खात्याच्या, म्हणजे काउंटी पोलिसांच्या, बळाच्या वापराची चौकशी करण्यासाठी निवृत्त न्यायाधीश जेम्स कोल्ट्स यांना नेमलं. जुलै १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि खात्यातल्या अतिरेकी बळाच्या वापरावर त्यात बोट ठेवलं गेलं.

मोलिना बैठकीत अधिकाऱ्यांना धारेवर धरायच्या. कागद वाचून यायच्या आणि आकडे विचारायच्या. अधिकाऱ्याकडे उत्तर नसेल तर सगळ्यांसमोर सुनवायच्या. हे बघून समर्थक खूश व्हायचे. टीकाकार म्हणायचे, ही बाई अपमान करते.

आणि ते रुग्णालय?

ज्या रुग्णालयातल्या नसबंदीविरुद्ध मोलिना कार्यकर्ती म्हणून लढल्या होत्या, तेच आता त्यांच्या बोर्डाच्या अखत्यारीत आणि त्यांच्याच मतदारसंघात आलं.

१९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात रुग्णालयाच्या इमारतींचं नुकसान झालं. पाठोपाठ १९९५ मध्ये काउंटीवर सुमारे १.२ अब्ज डॉलरच्या तुटीचं संकट आलं. हे रुग्णालयच बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला. इन्शुरन्स नसलेल्या लाखो लोकांसाठी हाच शेवटचा आधार होता. शेवटी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ३६.४ कोटी डॉलरची केंद्रीय मदत जाहीर केली आणि रुग्णालय वाचलं.

मग वाद सुरू झाला नव्या इमारतीचा. खाटा किती? मोलिना ७५० वर अडून होत्या. बोर्डाने १९९७ मध्ये ६०० वर शिक्कामोर्तब केलं. तीन मतांचं गणित यावेळी त्यांच्या विरोधात गेलं. ६०० खाटांचं नवं रुग्णालय २००८ मध्ये सुरू झालं.

आणि नसबंदी झालेल्या महिलांचं काय? २०१५ मध्ये या प्रकरणावर ‘नो मास बेबेस’ हा माहितीपट आला. २०१८ मध्ये, मोलिना निवृत्त झाल्यानंतर चार वर्षांनी, काउंटीच्या बोर्डाने या महिलांची अधिकृत माफी मागितली. २०२१ मध्ये राज्याने सक्तीच्या नसबंदीच्या पीडितांसाठी ७५ लाख डॉलरची भरपाई योजना मंजूर केली. पण ती राज्याच्या संस्थांमध्ये आणि तुरुंगांमध्ये नसबंदी झालेल्यांसाठी होती. हे रुग्णालय काउंटीचं असल्यामुळे इथल्या महिला त्यात बसल्या नाहीत.

राज्य कुठे संपतं आणि काउंटी कुठे सुरू होते, हा प्रश्न असा थेट माणसांच्या आयुष्यापर्यंत येऊन पोहोचतो.

मोलिना यांच्यावर टीका कशावरून झाली?

मोलिना यांचं सगळंच बरोबर होतं, असं नाही. सर्वात वादग्रस्त ठरला त्यांचा आवडता प्रकल्प, ‘ला प्लाझा’ हे मेक्सिकन-अमेरिकन संस्कृतीचं संग्रहालय. शहराच्या सर्वात जुन्या भागात ते उभं राहत असताना खोदकामात जुनी दफनभूमी लागली. शंभराहून अधिक मृतांचे अवशेष बाहेर निघाले. त्यात आपले पूर्वज असल्याचं सांगत मूळ रहिवासी आदिवासी समाजाने संताप व्यक्त केला. संग्रहालय २०११ मध्ये उघडलं आणि अवशेष नंतर पुन्हा दफन करण्यात आले. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्या वतीने आयुष्यभर भांडलेल्या नेत्याच्या प्रकल्पात, दुसऱ्या एका समाजाला तीच तक्रार करावी लागली.

शिवाय काउंटीच्या देखरेखीखालच्या मुलांच्या मृत्यूंची प्रकरणं वर्षानुवर्षं गाजत राहिली. त्याची जबाबदारी संपूर्ण बोर्डावर येत होती आणि मोलिना त्याच बोर्डावर दोन दशकांहून अधिक काळ होत्या.

२०११ मध्ये त्या एकट्या का पडल्या?

२०१० च्या जनगणनेत काउंटीतले जवळपास ४८ टक्के लोक लॅटिनो होते. बोर्डावर लॅटिनो एकच, मोलिना. लॅटिनो मतदारांना आणखी एक मतदारसंघ मिळायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

सप्टेंबर २०११ मध्ये नव्या नकाशावर मतदान झालं. निकाल ४ विरुद्ध १. सीमा जवळपास होत्या तशाच ठेवणारा नकाशा मंजूर झाला आणि विरोधात एकच मत पडलं, मोलिना यांचं. वीस वर्षांपूर्वी कोर्टाने जे बदलायला लावलं, ते बोर्डाने आपणहून पुढे नेलं नाही. नकाशा काढणारे अजूनही तेच होते, ज्यांना त्या नकाशावर निवडून यायचं होतं.

हा अधिकार सुपरव्हायझरांकडून काढून घ्यायला राज्याचा कायदा लागला. आता लॉस एंजेलिस काउंटीत नागरिकांचा स्वतंत्र आयोग सीमा ठरवतो. त्याने आखलेला पहिला नकाशा २०२१ मध्ये आला. मोलिना तेव्हा बोर्डावर नव्हत्या.

आमदार अजूनही काउंटीकडे का येतात?

याचं एक कारण आकड्यांमधून दिसलंच. दुसरं कारण मुदतीचं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १४०’ मंजूर केलं. त्यानुसार विधानसभेत जास्तीत जास्त सहा वर्षं आणि सिनेटमध्ये आठ वर्षं, एवढीच मुदत मिळू लागली. हा प्रस्ताव पुढे रेटणारे होते पीट शाबारम. तेच, ज्यांच्या जागेवर मोलिना आल्या. गंमत म्हणजे शाबारम स्वतःही आमदारकी करून सुपरव्हायझर झालेले होते.

मुदत संपलेले आमदार मग कुठे जाणार? चाळिशी-पन्नाशीतले, कामाचा अनुभव असलेले, मतदारांना माहीत असलेले नेते. काउंटीची खुर्ची त्यांना आयतीच खुणावू लागली. मार्क रिडली-थॉमस २००८ मध्ये राज्य सिनेटमधून बोर्डावर आले आणि २०२० मध्ये हॉली मिचेल. शीला क्यूल या अभिनेत्री, मग आमदार आणि सिनेटर, २०१४ मध्ये सुपरव्हायझर झाल्या. मोलिना यांच्या जागी आलेल्या हिल्डा सोलिस तर राज्याच्या दोन्ही सभागृहांत, अमेरिकी काँग्रेसमध्ये आणि ओबामांच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री राहून काउंटीत आल्या.

मोलिना यांना पद सोडावं लागलं तेही मुदतीमुळेच. २००२ मध्ये मतदारांनी सुपरव्हायझरना चार वर्षांच्या तीन टर्मची मर्यादा घातली. आधीपासून असलेल्यांना ती तेव्हापासून मोजली गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मोलिना निवृत्त झाल्या. २०१५ मध्ये त्यांनी शहराच्या नगर परिषदेत परतायचा प्रयत्न केला, पण विद्यमान सदस्य होसे विझार यांच्याकडून त्यांचा मोठा पराभव झाला. याच विझार यांना पुढे भ्रष्टाचाराच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये १३ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता पुढे काय?

मोलिना यांचं १४ मे २०२३ ला कॅन्सरने निधन झालं. त्या ७४ वर्षांच्या होत्या. त्यांच्या कार्यकाळात शहराच्या मध्यभागी उभ्या राहिलेल्या १२ एकरांच्या ‘ग्रँड पार्क’ला त्याच वर्षी त्यांचं नाव देण्यात आलं. १९९१ मध्ये ज्या बोर्डावर त्या एकट्याच महिला होत्या, त्या बोर्डावर डिसेंबर २०२० पासून पाचही महिला आहेत.

पण एक गोष्ट त्यांच्या हयातीत बदलली नाही. १९१० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे पाच लाख होती, तेव्हाही सुपरव्हायझर पाच. लोकसंख्या एक कोटीच्या घरात गेली तरीही पाचच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ‘मेजर जी’ हा प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार २०२८ मध्ये काउंटीचा प्रमुख कार्यकारी अधिकारी थेट लोकांमधून निवडला जाईल आणि २०३२ मध्ये सुपरव्हायझरची संख्या पाचवरून नऊ होईल. म्हणजे पाच जणांच्या हातातला कार्यकारी अधिकार वेगळा होईल, मतदारसंघ लहान होतील आणि तीन मतांचं गणितही संपेल. निर्णयासाठी पाच मतं लागतील.

त्याआधी २०३० ची जनगणना होईल आणि नऊ मतदारसंघांच्या सीमा पहिल्यांदाच आखल्या जातील. कुठली वस्ती एकत्र राहील आणि कुठली तुटेल, हे तेव्हा ठरेल. फरक इतकाच, की या वेळी पेन्सिल सुपरव्हायझरांच्या नाही, नागरिकांच्या आयोगाच्या हातात असेल.